टोकामॅकच्या भिंतीवरची धूळ आणि थर: नमुना उचलण्यापासून वजनाच्या हिशोबापर्यंत

टाइल हातात आली की पहिला मोह होतो तो ग्लोव्हजचं बोट फिरवून बघायचा, की निघतंय का काही. तेवढं सोडून काहीही करा. एकदा बोट फिरलं की धूळ नेमकी कुठे होती, सैल होती का घट्ट बसलेली, तिथल्याच थराची खपली होती का दुसरीकडून उडत येऊन पडलेली, हे सगळं गेलं, आणि मग महागड्या मायक्रोस्कोपखाली तासन् तास बसून हाती काय लागतं तर "टंगस्टन सापडलं", जे आधीच माहीत होतं कारण टाइलच टंगस्टनची होती.

तर हे लिहितोय ते टोकामॅक किंवा स्टेलरेटरच्या (चुंबकीय क्षेत्रात तापलेला प्लाझ्मा, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉनचा वायू, कोंडून फ्यूजन करायची यंत्रं) आतल्या भिंतीवरच्या टाइल्स, प्रोब, आरसे वगैरे तपासायचं काम ज्यांच्याकडे नव्यानं आलंय त्यांच्यासाठी. क्रमानं सांगतो पण सगळ्या पायऱ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीयेत, नमुना घेणं आणि शेवटचा हिशोब इथेच लोक जास्त चुकतात (मी पण चुकलोय) त्यामुळे तिथे जरा रेंगाळणार आहे.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा

धूळ आणि थर या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. प्लाझ्मामधले आयन भिंतीवर आपटतात, अणू उडवतात, त्याला स्पटरिंग म्हणायचं, ते उडालेले अणू प्लाझ्मात जाऊन आयन होतात, चुंबकीय फील्ड लाइनसोबत वाहत जातात आणि दुसरीकडे कुठेतरी बसतात. काही जागा सतत झिजत राहतात आणि काही जागांवर सतत साचत राहतं, बऱ्याच मशीनमध्ये डायव्हर्टरची (प्लाझ्माच्या कडेची उष्णता आणि कचरा जिथे उतरवतात तो भाग) आतली बाजू ही साचायची जागा असते. आणि हे अणू बसताना इंधनाला, म्हणजे ड्युटेरियम ट्रिटियमला, सोबत घेऊन बसतात, यालाच को-डिपॉझिशन म्हणतात. थर जाड झाला की त्यात ताण येतो, गरम थंड गरम थंड होऊन तो तडकतो, मशीन उघडल्यावर हवेतली ओल लागते, आणि मग त्याच्या खपल्या सुटतात. म्हणजे आजचा थर हीच पुढच्या कॅम्पेनची (प्रयोगांच्या हंगामाची) धूळ.

बाकीची धूळ येते ती वितळलेल्या कडांचे थेंब उडून, डिसरप्शनमध्ये (प्लाझ्मा एकाएकी कोसळतो तेव्हा), आणि आर्किंगमधून (भिंतीवर पडणाऱ्या विजेच्या ठिणग्या). आर्किंगला लोक फार हलक्यात घेतात, पण आर्कच्या त्या वेड्यावाकड्या झाडाच्या फांदीसारख्या खुणा टाइलवर दिसल्या की समजायचं गोल गोल बारीक थेंब आसपास नक्की सापडणार.

कार्बनच्या भिंती होत्या तेव्हा हा सगळा प्रकार फारच जोरात होता. इंग्लंडमधल्या जेट टोकामॅकमध्ये १९९७ च्या ड्युटेरियम-ट्रिटियम प्रयोगात साधारण ३५ ग्रॅम ट्रिटियम आत सोडलं आणि सफाई करायच्या आधी त्यातलं जवळजवळ एक तृतीयांश आतच अडकून बसलेलं होतं, त्यातलं बरंच डायव्हर्टरच्या आतल्या बाजूच्या थंड, सावलीतल्या कोपऱ्यातल्या कार्बनच्या खपल्यांमध्ये. नंतर २०११ मध्ये तिथे मुख्य भिंत बेरिलियमची आणि डायव्हर्टर टंगस्टनचा केला तर अडकणारं इंधन १० ते २० पट कमी झालं आणि डायव्हर्टरमधून व्हॅक्युमनं गोळा केलेली धूळ शंभरेक पटीनं कमी भरली. जेट डिसेंबर २०२३ मध्ये बंद झालं पण त्याच्या टाइल्सवरचं काम संपलेलं नाही. फ्रान्समध्ये उभारत असलेल्या आयटर टोकामॅकनं तर प्लाझ्मासमोरची पहिली भिंत बेरिलियमऐवजी टंगस्टनचीच करायचं ठरवलंय, म्हणजे बेरिलियमची कटकट जाणार, पण भिंत कंडिशन करायला (प्लाझ्मासाठी तयार करायला) बोरोनायझेशन, म्हणजे बोरॉनचा पातळ थर चढवणं, लागणार आणि मग बोरॉनचे थर आले, त्यातही ट्रिटियम अडकणारच. कटकट जात नाही, फक्त नाव बदलते.

आणि मोजायचं कशाला असा प्रश्न असेल तर आयटरच्या सुरक्षेच्या हिशोबात व्हेसलमधल्या (प्लाझ्माच्या व्हॅक्युम पात्रातल्या) उडू शकेल अशा धुळीला १००० किलोची आणि ट्रिटियमला १ किलोची मर्यादा धरलेली आहे. पाणी गळून वाफ तापलेल्या बेरिलियमला किंवा टंगस्टनला भिडली तर हायड्रोजन तयार होतो, बारीक धुळीचा पृष्ठभाग जास्त म्हणून तो पटापट होतो, आणि त्यात हवा शिरली तर स्फोटाची भीती.

पायरी १: उघडायच्या आधीची कामं

शॉटचं (प्लाझ्मा एकदा पेटवून विझेपर्यंतचा प्रयोग) लॉगबुक घ्या आणि बसा. किती शॉट झाले, डिसरप्शन कितीवेळा, हीलियमचे शॉट होते का, शेवटचं बोरोनायझेशन कधी, ग्लो डिस्चार्ज (भिंत साफ करायचा मंद प्लाझ्मा) किती तास, मधे मशीन उघडलं होतं का. हे नसेल तर थराचा एकेक पापुद्रा बघून तुम्ही नुसते अंदाज बांधत बसाल. हाय स्पीड कॅमेऱ्याचं फुटेज असेल तर ते बघा, चमकत उडणारे कण कुठून निघाले ते कळतं.

ब्लँक तयार ठेवा. म्हणजे जी टेप, जो फिल्टर, जो कापड वापरणार त्याचाच एक न वापरलेला तुकडा, त्याच खोलीत तेवढाच वेळ उघडा ठेवलेला. हे काम कंटाळवाणं वाटतं आणि म्हणून सगळे टाळतात.

पायरी २: जीव आधी

तुमच्या लॅबचे रेडिएशन सेफ्टीवाले जे सांगतील तेच अंतिम, माझा लेख त्याच्या जागी वापरू नका. तरी तीन गोष्टी सांगतोच.

बेरिलियमची धूळ फुफ्फुसात गेली तर बेरिलिओसिस होतो, बरा न होणारा आजार आहे. अमेरिकेत कामाच्या जागेवरची ८ तासांची सरासरी मर्यादा २०१७ च्या नियमानं ०.२ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर केलीये, आधीच्या मर्यादेच्या दहावा भाग, यावरूनच काय ते समजा.

ट्रिटियमचा बीटा किरण फार दुबळा असतो, जास्तीत जास्त १८.६ किलो इलेक्ट्रॉनव्होल्ट, हवेत काही मिलिमीटर जाऊन संपतो. त्यामुळे साधा गायगर काउंटर शांत बसलाय म्हणजे टाइल स्वच्छ आहे असं अजिबात नाही. स्वॅब (पुसून घेतलेला नमुना) घेऊन लिक्विड सिंटिलेशन (द्रवात टाकून बीटामुळे पडणारी चमक मोजणं) करायचं, आणि तिथेही मोठ्या धातूच्या कणाच्या आतलं ट्रिटियम बाहेर येऊन दिसत नाही म्हणून आकडा कमीच येतो हे धरून चालायचं. शिवाय ट्रिटियमवाले कण बीटा बाहेर टाकून स्वतःच चार्ज होतात आणि उड्या मारतात, प्लॅस्टिकच्या भांड्यात टाकले तर भिंतींना जाऊन चिकटतात.

टंगस्टन न्यूट्रॉन खाऊन रेडिओअ‍ॅक्टिव्ह होतं. त्यातलं टंगस्टन-१८७ चं हाफ लाइफ साधारण १ दिवस, म्हणून आठवडाभर थांबलात तर त्याचा त्रास शंभरातला एक भागसुद्धा उरत नाही. टंगस्टन-१८५ चं मात्र ७५ दिवस आहे, तिथे नुसतं थांबून भागत नाही. आणि बारीक धातूची धूळ पेट घेऊ शकते, साधा घरगुती व्हॅक्युम क्लीनर मोटरच्या ठिणगीसकट आत न्यायचा विचारसुद्धा नको.

पायरी ३: नमुना उचलणं

क्रम असा ठेवा: फोटो, मग चिकट टेप, मग सक्शन, मग स्वॅब, आणि सगळ्यात शेवटी खरवडणं. उलटा केलात तर आधीचं सगळं पुसलं जातं.

फोटो तिरप्या उजेडात काढा, समोरून फ्लॅश मारला की खपल्या सपाट दिसतात. पट्टी ठेवा फ्रेममध्ये. पातळ थरांवर पाण्यावर तेल सांडल्यासारखे रंगीत पट्टे दिसतात, ते नुसते छान दिसत नाहीत, थराची जाडी बदलतेय त्याचा नकाशाच असतो तो, म्हणून रंग नीट येईल असं व्हाइट बॅलन्स लावून घ्या. टोरॉइडल दिशेचा (मशीनच्या गोल वळशातला) कोन, टाइल नंबर, वरची बाजू कुठली, हे पेन्सिलीनं टाइलच्या मागच्या बाजूला आणि वहीत दोन्हीकडे.

मग टेप. एसईएमच्या (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या) स्टबवर (नमुना बसवायच्या छोट्या चकतीवर) लावलेली चिकट टॅब सरळ दाबायची, घासायची नाही, आणि सरळ उचलायची. यानं सैल धूळ जशी पडलेली तशीच उठते. पुन्हा त्याच जागी दुसरी टॅब लावा, तिसरी लावा. पहिल्या टॅबवर जे येतं ते सैल, पुढच्या टॅबवर जे येतं ते चिकटलेलं, असा ढोबळ फरक लगेच मिळतो आणि त्याला काही खर्च नाही.

सक्शनला फिल्टर गुळगुळीत घ्या, पॉलिकार्बोनेटचे बारीक भोकांचे मिळतात ते, कारण काचतंतूच्या फिल्टरमध्ये कण आत रुतून बसतात आणि मायक्रोस्कोपखाली निम्मे दिसतच नाहीत. किती क्षेत्रफळावरून ओढलं ते मोजलेलं पाहिजे, पुठ्ठ्यासारखी एक चौकट करून ठेवा १० बाय १० सेंटिमीटरची आणि तेवढ्यातच नळी फिरवा. आता इथे एक गंमत आहे. कण भिंतीला धरून ठेवणारं बल कणाच्या त्रिज्येसोबत वाढतं, वजन मात्र त्रिज्येच्या घनासोबत. म्हणजे कण जितका बारीक तितका तो त्याच्या वजनाच्या मानानं भयंकर घट्ट चिकटलेला असतो, आणि एक-दोन मायक्रॉनच्या खालचे बरेच कण सक्शनला दादच देत नाहीत. त्यामुळे फक्त व्हॅक्युमनं गोळा केलेल्या धुळीवरून साइजचं वितरण काढलं की बारीक कण कमी आहेत असा निष्कर्ष निघतो आणि तो मशीनबद्दलचा नसतो, तुमच्या नळीबद्दलचा असतो.

टाइल्सच्या मधल्या फटी, डायव्हर्टरच्या खाली, पोर्टच्या तळाशी, जिथे हात पोचत नाही तिथेच ढीग असतो. समोरच्या सपाट चकचकीत भागाचे चाळीस नमुने घेण्यापेक्षा तिथले चार घ्या.

लोहचुंबकाची चाचणी करा, दोन मिनिटांचं काम. स्टीलचे निकेलचे कण असतील तर ते फील्ड चालू होतानाच, प्लाझ्मा पेटायच्या आधी, उडू शकतात. इटलीतल्या फ्रास्काटीच्या एफटीयू टोकामॅकमध्ये असे चुंबकीय कण सापडलेले आहेत.

पायरी ४: थर कापणं

कोरडं कापा. पाणी किंवा कुलंट लावून कापलं की थरातला बोरॉन लिथियम विरघळू शकतो आणि ड्युटेरियम, ट्रिटियमची पाण्यातल्या हायड्रोजनशी अदलाबदल व्हायला वाव मिळतो. हळू कापा, तापू देऊ नका, तापलं की गॅस निघून गेला. आडवा छेद बघायचा असेल तर फोकस्ड आयन बीम (आयनांच्या बारीक झोतानं कापणं), पण आधी वरून प्लॅटिनमचा पट्टा टाकायला विसरू नका, नाहीतर सगळ्यात वरचा पापुद्रा, जो शेवटच्या आठवड्याचा आहे आणि तुम्हाला तोच हवाय, तो बीमच खाऊन टाकतो.

पायरी ५: मायक्रोस्कोप, आणि इथले खड्डे

आकारावरून जन्म कळतो. गुळगुळीत गोळे म्हणजे वितळलेला धातू, थेंब. चपटे, एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं फ्लॉवरसारखे गाठीगाठीचे, म्हणजे थराची खपली. धारदार वेडेवाकडे तुकडे बहुतेक वेळा मशीन जोडतानाचे, ड्रिलिंगचे वगैरे. लांब धागे म्हणजे सफाईचं कापड, लाजू नका, सगळ्यांच्या नमुन्यात असतात. लव आल्यासारखं काळं मखमली टंगस्टन दिसलं तर ती फझ असू शकते, हीलियममुळे येते, त्यासाठी पृष्ठभाग साधारण १००० ते २००० केल्विनच्या मधे असावा लागतो, म्हणजे फझ दिसली की तिथल्या तापमानाचा पत्ता फुकटात मिळाला.

आता माझी फजिती सांगतो. सुरुवातीला मी धूळ पकडायला सिलिकॉन वेफर लावले, गुळगुळीत स्वस्त छान, खूप जण वापरतात. आणि ईडीएक्सवर (एक्स-रेच्या ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखायचं तंत्र) दिसणारा शिखर टंगस्टनचा म्हणून मोजत बसलो. टंगस्टनची एम रेषा १.७७ किलो इलेक्ट्रॉनव्होल्टला आणि सिलिकॉनची के रेषा १.७४ ला, साधा डिटेक्टर त्यांना वेगळं करूच शकत नाही. तीन आठवड्यांची मोजणी गेली. तेव्हापासून टंगस्टन बघायचं तर ८.४ जवळची एल रेषा बघायची, त्यासाठी बीम १५-२० किलोव्होल्टला चढवायचा, आणि शंका आली तर बॅकस्कॅटर इमेज (परत उसळलेल्या इलेक्ट्रॉनांचं चित्र), टंगस्टन जड असल्यामुळे त्यात दिव्यासारखं चमकतं.

तसंच कार्बनच्या टॅबवर कार्बनची धूळ शोधू नका. बेरिलियम ०.१ किलो इलेक्ट्रॉनव्होल्टला येतं, बहुतेक ईडीएक्सना ते दिसतच नाही, म्हणजे "फक्त ऑक्सिजन दिसतोय" असा कण बेरिलियम ऑक्साइडचा असू शकतो.

पायरी ६: आत इंधन किती

दोन रस्ते. एक, हीलियम-३ च्या बीमनं न्यूक्लिअर रिअ‍ॅक्शन अ‍ॅनालिसिस, ड्युटेरियम कुठल्या खोलीवर किती ते काही मायक्रॉनपर्यंत कळतं आणि नमुना शाबूत राहतो. दोन, तापवून गॅस काढणं, थर्मल डिसॉर्प्शन, एकूण किती ते कळतं पण नमुना गेला. म्हणून आधी पहिला, मग दुसरा. तापवताना एक नंबरची चूक अशी की मास ४ च्या चॅनलला ड्युटेरियमचा रेणू आणि हीलियम दोन्ही येतात, साध्या क्वाड्रपोलला (मास मोजणाऱ्या उपकरणाला) फरक कळत नाही, हीलियमचे शॉट झालेले असतील तर आकडा फुगतो. आणि मास ३ (हायड्रोजन-ड्युटेरियम), मास १९ आणि २० (जड पाणी) हे धरले नाहीत तर आकडा कमी येतो. नशीब चांगलं असेल तर दोन्ही चुका एकमेकींना झाकतात आणि कोणालाच कळत नाही.

तापमानाचा चढ कुठे थांबवून बघायचा? आयटरमध्ये भिंत २४० आणि डायव्हर्टर ३५० डिग्री सेल्सियसपर्यंत बेक करायची सोय आहे, म्हणून त्या तापमानाला काही तास धरून बघा किती निघतं, तोच प्रश्न मशीनवाले तुम्हाला विचारणार.

पायरी ७: हिशोब

इथे सगळ्यात जास्त गोंधळ. मायक्रोस्कोपखाली हजार कण मोजले, मधला आकार २ मायक्रॉन आला, चला धूळ २ मायक्रॉनची. नाही हो. वजन व्यासाच्या घनात जातं, १०० मायक्रॉनचा एक कण म्हणजे १ मायक्रॉनचे दहा लाख कण. वितरण लॉगनॉर्मल (आकाराचा लॉग घेतला की घंटेसारखं दिसणारं) धरलं, संख्येनुसार मध्य २ मायक्रॉन आणि जिओमेट्रिक डेव्हिएशन (फैलाव) २.५, तर वजनानुसार मध्य येतो साधारण २५ मायक्रॉन. सूत्र सोपंय, संख्येचा मध्य गुणिले ई चा घात, त्या घातात डेव्हिएशनच्या लॉगच्या वर्गाची तिप्पट. त्यामुळे कमी मॅग्निफिकेशनचे, मोठ्या क्षेत्राचे फोटो पण मोजा, नाहीतर ते दोन-चार ढोले कण सुटतात आणि त्यांच्यासोबत अर्धं वजन सुटतं.

श्वासात जाण्याच्या दृष्टीनं बघायचं तर परत वेगळा आकडा. टंगस्टनची घनता पाण्याच्या १९.३ पट, म्हणून १ मायक्रॉनचा टंगस्टनचा गोळा हवेत ४.४ मायक्रॉनच्या पाण्याच्या थेंबासारखा वागतो. तीन आकडे, तिन्ही बरोबर, रिपोर्टमध्ये कुठला दिलाय ते लिहायलाच पाहिजे.

आता क्षेत्रफळावरून एकूण. समजा १० बाय १० सेंटिमीटरच्या चौकटीतून अर्धा मिलिग्रॅम धूळ निघाली, म्हणजे चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम, आणि तसा पट्टा १२ चौरस मीटर असेल तर ०.६ ग्रॅम. वाटलं ना, एवढीशीच? आता त्याच पट्ट्यावरचा थर घ्या, १० मायक्रॉन जाडीचा टंगस्टनचा, घट्ट धरला तर चौरस मीटरला १९३ ग्रॅम, १२ चौरस मीटरला २.३ किलो. सच्छिद्र म्हणून निम्मा करा, तरी किलोच्या वर. सैल धुळीचा आकडा देऊन "मशीन स्वच्छ आहे" म्हणणारा रिपोर्ट तुम्हाला दिसला तर तिथे थराचा कॉलम आहे का ते आधी शोधा, कारण तो सगळा थर उद्या सुटू शकतो. मी तर तीन कॉलम करतो: सैल, चिकटलेली, आणि सुटू शकेल असा थर, आणि तिसऱ्यासमोर जाडी कुठे कुठे मोजली ते नकाशासकट.

एका टाइलवरून पूर्ण गोल वळसा धरून गुणाकार करताना निदान दोन वेगळ्या कोनांवरच्या टाइल्स तपासलेल्या असाव्यात. टाइल्सच्या कडा कुठे वर आल्यात, सावली कुठे पडतेय, लिमिटर (प्लाझ्माची कड अडवणारा भाग) कुठे आहे, यानं शेजारशेजारच्या टाइल्सही वेगळ्या निघतात.

पायरी ८: मशीन चालू असताना

क्वार्ट्झ मायक्रोबॅलन्स (वजन वाढलं की फ्रिक्वेन्सी बदलणारा क्रिस्टल) थर वाढतोय ते शॉटगणिक दाखवतो, फक्त तापमानानं त्याची फ्रिक्वेन्सी सरकते म्हणून जोडीला झाकलेला दुसरा क्रिस्टल लागतो. पृष्ठभागावर धूळ पडतेय का त्यासाठी बारीक जाळीचा इलेक्ट्रोस्टॅटिक डिटेक्टर, कण पडला की शॉर्ट होऊन पल्स येतो. आणि कॅमेरे. मशीन उघडून बंद केल्यावरच्या पहिल्या शॉट्समध्ये धूळ भरपूर उडते आणि मग कमी होत जाते, सॅन डिएगोच्या डी-थ्री-डी टोकामॅकमध्ये हे कॅमेऱ्यांवर नीट दिसलेलं आहे, तेव्हा त्या शॉट्सवरून कॅम्पेनची सरासरी काढू नका.

सफाईबद्दल थोडक्यात: लेझरनं थर उडवता येतो, पण उडालेला थर म्हणजे धूळच, जागेवर सक्शन नसेल तर तुम्ही थर काढून धूळ केलीत एवढंच. बेकिंगनं आणि ग्लोनं इंधन कमी होतं, धातू तिथेच राहतो.

उरलेला नमुना काचेच्या बाटलीत, कोरड्या नायट्रोजनखाली, आणि प्रत्येक जागेचा निदान एक स्टब अजिबात न उघडलेला ठेवून द्या. दोन वर्षांनी कोणीतरी येऊन विचारतोच की यात बोरॉन बघितलं होतं का.